दैव, पुरुषकार आणि एक गोलंदाज

दैव श्रेष्ठ कीं पुरुषकार श्रेष्ठ, हा वाद आपल्या देशांत फार जुना आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वांत युधिष्ठिर हाच प्रश्न भीष्मांना विचारतो, आणि भीष्म ब्रह्मदेव व वसिष्ठ यांच्या संवादाचा आधार घेऊन त्याला शेतीचा दृष्टांत देतात. दैव हें बीज, पुरुषकार हें क्षेत्र. दोहोंचा संयोग झाल्याखेरीज पीक येत नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं पांच कारणें मोजलीं आहेत, त्यांत दैवाचा क्रमांक पांचवा लागतो. म्हणजे आधींच्या चौघांचा हिशेब चुकता करून मगच दैवाकडे वळावें, असा अर्थ काढावयास हरकत नाहीं. हा वाद आतां पंडितांच्या सभेंत फारसा निघत नाहीं, पण तो मेलेला मात्र नाहीं. मुलाच्या परीक्षेचा निकाल लागला, जांवयाला बढती मिळाली, शेजाऱ्याचा कारखाना बुडाला, कीं घरोघर तो निघतोच. आणि खेळाच्या मैदानावर तर तो रोज निघतो. तेव्हां एकाद्या खेळाडूच्या चरित्रावरच तो पारखून पाहावा असें मला वाटलें. या कामाला खेळाडूचें चरित्र विशेष सोयीचें. कारण तेथें प्रयत्नहि नोंदलेला असतो, फळहि नोंदलेलें असतें, आणि या दोहोंत किती अंतर पडलें तेंहि आंकड्यांनीं दाखवितां येतें.

विरार ओलांडून आगगाडी उत्तरेकडे निघाली कीं वैतरणेचें पात्र लागतें, आणि मग सफाळें, केळवें, पालघर, उमरोळी, बोईसर अशीं स्थानकें एकामागून एक येतात. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर, मध्यें भातशेती आणि वाड्या असा हा प्रदेश. १९६९ मध्यें तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें, पुढें औद्योगिक वसाहत वाढली, आणि पाम, कोलवडें, सालवड यांसारखीं गांवें कारखान्यांच्या जवळजवळ अंगणांत आलीं. तरी मुंबईच्या क्रिकेटच्या दृष्टीनें हा मुलूख दूरचाच राहिला. चर्चगेटपासून पालघर सुमारें नव्वद किलोमीटर. आणि जीं मैदानें मुंबईच्या संघाचा दरवाजा समजलीं जातात तीं सारीं त्या दुसऱ्या टोकाला. अशा ठिकाणीं, १६ ऑक्टोबर १९९१ रोजीं, एका शेतकरी कुटुंबांत शार्दूल ठाकूर याचा जन्म झाला. त्या वेळीं पालघर ठाणें जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा व्हावयास २०१४ साल उजाडावें लागलें. हा मुलगा पुढें भारताच्या राष्ट्रीय संघाचा वेगवान गोलंदाज झाला हें आतां सर्वांस ठाऊक आहे.

त्याच्याविषयीं जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती आगगाडीची. पहांटे उठावें, खेळाच्या साहित्याची अवजड पिशवी खांद्यावर घ्यावी, गर्दीनें भरलेल्या डब्यांत तास दोन तास उभें राहावें, दिवसभर गोलंदाजी करावी आणि रात्रीं त्याच वाटेनें परतावें. विरारच्या पुढें उपनगरी लोकल गाड्या डहाणूपर्यंत धांवूं लागल्या त्या एप्रिल २०१३ मध्यें. त्यापूर्वीं पालघरकरांचा सारा भार मोजक्या पॅसेंजर-शटल गाड्यांवर. एक गाडी चुकली तर सरावाचा दिवस बुडाला असा तो हिशेब होता. भारताच्या संघांत आल्यावरहि, २०१८ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यानंतर, हा गृहस्थ विमानतळावरून निघून लोकलनेंच घरीं गेला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्याचें मोठें कौतुक केलें. कौतुक योग्यच होतें. माझें म्हणणें त्या कौतुकानंतर जो निष्कर्ष काढला जातो त्याबद्दल आहे. आई-बाप मुलांना सांगतात, ‘पाहा, त्यानें एवढे कष्ट केले म्हणून तो तेथवर पोंचला.’ या ‘म्हणून’ शब्दापाशीं मी अडतों.

कारण त्या गाडींत तो एकटा नव्हता. पालघर-बोईसरकडील किती मुलें अशाच पिशव्या घेऊन त्या डब्यांत उभीं राहिलीं असतील! त्यांच्याहि आयांनीं पहांटे डबे भरून दिले, त्यांचेहि खांदे दुखले. त्यांतील एकाचें नांव आपणांस ठाऊक आहे, बाकीच्यांचीं नाहींत. कष्ट हेंच जर यशाचें कारण, तर ज्यांना यश आलें नाहीं त्यांनीं कष्ट केले नाहींत असा त्याचा उलट अर्थ होतो. आणि तो अर्थ आपण मनांत न आणतांहि त्यांच्या पदरीं टाकतों. एका मुलाची स्तुति करतांना शंभर मुलांवर आळशीपणाचा आरोप करावा, आणि तोहि त्यांच्याच आई-बापांच्या तोंडून, हा प्रकार मला निर्दयपणाचा वाटतो. मध्यमवर्गीय घरांत तो फार चालतो.

मग काय म्हणावें? दैव? आतां त्याच्या आयुष्यांतील निर्णायक प्रसंगच पाहूं. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असतां बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्धच्या एका शालेय सामन्यांत त्यानें ७८ धांवा केल्या आणि ५ गडी बाद केले. प्रतिपक्षाच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड तेथें हजर होते. याच लाडांनीं पूर्वीं रोहित शर्मा नांवाच्या मुलाला पाहिलें होतें आणि त्याला शाळेची फी माफ करवून दिली होती. त्यांनीं शार्दूलच्या वडिलांशीं बोलणें लावलें: मुलाला आमच्या शाळेंत द्या. वडिलांना काळजी पडली ती साहजिकच होती. रोजचा इतका प्रवास, वर अभ्यास. तेव्हां लाडांनीं त्याला स्वतःच्या घरीं राहावयास नेलें. त्याच शाळेकडून खेळतांना २००६ मध्यें हॅरिस शील्डच्या सामन्यांत त्यानें एका षटकांत सहा षटकार मारले, आणि मुंबईच्या क्रिकेटला त्याचें नांव प्रथम ऐकूं आलें.

या प्रसंगाला लोक सहज ‘नशीब’ म्हणतात. नेमक्या त्याच सामन्यांत धांवा झाल्या, नेमका तोच प्रशिक्षक समोर होता, हें नशीब नव्हे तर काय? एका अर्थानें खरें आहे. पण जरा बारकाईनें पाहिलें तर काय दिसतें? प्रतिपक्षाच्या मुलाचा खेळ मत्सर न करतां पाहणें ही लाडांची कृति होती. दुसऱ्याच्या वयांत आलेल्या मुलाला आपल्या घरांत आणून ठेवणें, त्याच्या जेवणाखाण्याची, अभ्यासाची, आजारपणाची जबाबदारी पत्करणें, ही तर मोठीच कृति होती, आणि ती घरांतील साऱ्या माणसांच्या संमतीवांचून होण्यासारखी नव्हती. मुंबईंतील घरें किती मोठीं असतात हें वाचकांस सांगावयास नको. म्हणजे शार्दूलच्या बाजूनें पाहिलें असतां जें दैव, तेंच लाडांच्या घरच्या बाजूनें पाहिलें असतां शुद्ध पुरुषकार आहे. एकाच वस्तूचीं हीं दोन नांवें. आपण कोठें उभे आहों त्याप्रमाणें बदलणारीं.

भीष्मांच्या दृष्टांतांत मला उणें वाटतें तें येथेंच. त्यांचा शेतकरी एकटा आहे. त्याचें बी, त्याचें शेत. पालघरच्या भातशेतींत असें होत नाहीं. तेथें आधीं राब करून एका लहानशा तुकड्यांत रोपें वाढवावीं लागतात, मग तीं उपटून दुसऱ्या शेतांत लावावीं लागतात, आणि लावणीच्या त्या चार दिवसांत एका घरच्या हातांनीं काम उरकत नाहीं. वरच्या खाचराचा बांध फोडल्याशिवाय खालच्या खाचराला पाणी मिळत नाहीं. रोपानें म्हणावें कीं मी आपल्या बळावर वाढलों, तर तें अर्धेंच खरें. आणि माझें नशीब चांगलें म्हणून पाणी आलें, असें म्हटलें तर तें अर्धेंहि खरें नाहीं. पाणी कोणीतरी सोडलें होतें.

हीच गोष्ट उलट बाजूनें पाहिली म्हणजे तिचें नैतिक महत्त्व ध्यानांत येतें. बाळू पालवणकर हे १८७६ मध्यें जन्मलेले, चर्मकार समाजांतले, आणि माझ्या मतें हिंदुस्थानच्या पहिल्या थोर गोलंदाजांत गणले जावे असे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची निगा राखण्याच्या कामावर ते होते. साहेबांच्या सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकावा तो बाळूंनीं, फलंदाजी साहेबांची. त्यांची करामत पाहून पुण्याच्या हिंदूंनीं त्यांना आपल्या संघांत घेतलें, कारण युरोपियनांना हरवावयाचें होतें. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळीं मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. कर्णधारपद त्यांना कधीं दिलें गेलें नाहीं. त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना तें १९२३ मध्यें मिळालें, तेंहि पुष्कळ वादानंतर. आतां, बाळूंना कर्णधारपद न मिळणें हें त्यांचें दैव होतें काय? त्या काळांतील पुष्कळ सभ्य माणसें हेंच म्हणत असतील: गुणी माणूस खरा, पण जन्म दैवाधीन. जन्म दैवाधीन असेल. मातीचें भांडें दैवानें आणून ठेवलेलें नव्हतें. तें कोणीतरी हातानें आणलें, कोणीतरी तें चालवून घेतलें, आणि उरलेल्यांनीं तिकडे न पाहतां आपला चहा घेतला. ज्या ठिकाणीं माणसांचीं नांवें घ्यावयास हवीं तेथें दैवाचें नांव घेणें ही चुकवाचुकवी आहे. आणि आपल्या समाजानें ती फार दिवस चालविली.

शार्दूलची वाट आणि बाळूंची वाट एकाच मापानें मोजणें योग्य नव्हे हें मी जाणतों. एकाला अंतर आडवें आलें, दुसऱ्याला माणसें. पण अंतरहि नुसत्या निसर्गानें पडत नाहीं. चांगली खेळपट्टी कोठें असावी, गाडी किती वाजतां सुटावी, निवडीचे सामने कोणत्या मैदानावर भरवावे, हें कोणीतरी ठरवीत असतें. पहांटेची गाडी वीस वर्षें पूर्वीं सुटली असती तर आणखी किती जणांना दैव अनुकूल झालें असतें, हा हिशेब कोणी मांडीत नाहीं, इतकेंच.

पाश्चात्त्य पंडितांनीं या प्रश्नाचा विचार आपल्या पद्धतीनें केला आहे. ॲडम स्मिथनें १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत अशी तक्रार केली कीं हेतु आणि प्रयत्न पाहून माणसाची पारख करावी असें आपण सारे म्हणतों, परंतु प्रत्यक्षांत फळ पाहिल्यावांचून आपल्या मनांत आदर किंवा राग पुरता उत्पन्नच होत नाहीं. १९७६ मध्यें बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनीं हाच धागा पुढें नेला. त्यांच्या आधीं जॉन रॉल्स यांनीं १९७१ मध्यें म्हटलें होतें कीं कष्ट करण्याची वृत्ति ही देखील चांगलें घर नि अनुकूल परिस्थिति यांवर अवलंबून असते; तेव्हां तिचेंहि श्रेय कोणी एकट्यानें घेऊं नये. युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण तो शेवटपर्यंत ताणला तर माणूस म्हणून कांहीं उरतच नाहीं. उरतो तो परिस्थितीचा गठ्ठा. आणि गठ्ठ्याला गोलंदाजी करतां येत नाहीं.

शार्दूलच्या कारकीर्दींत शुद्ध दैव म्हणावें असे प्रसंगहि आहेत, आणि ते लपविण्याचें कारण नाहीं. ऑक्टोबर २०१८ मध्यें हैदराबादेस वेस्ट इंडीजविरुद्ध त्यानें कसोटी पदार्पण केलें. जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस. आणि दहा चेंडू टाकतांच जांघेचा स्नायु दुखावून तो लंगडत बाहेर गेला. पुन्हां कसोटी खेळावयास मिळाली ती सव्वादोन वर्षांनीं, जानेवारी २०२१ मध्यें, ब्रिस्बेनला. आणि ती कशी? बुमराह, अश्विन, जडेजा हे सारे दुखापतींनीं बाद झाले म्हणून. काल आपला स्नायु दुखावला तें दुर्दैव, आज दुसऱ्याचा दुखावला तें सुदैव! भारताचे सहा गडी १८६ धांवांवर बाद झालेले असतां तो आणि वॉशिंग्टन सुंदर यांनीं १२३ धांवांची भागीदारी केली. त्यांत त्याच्या ६७. गोलंदाजींत दोन्ही डाव मिळून ७ गडी. गॅबाच्या त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता. १९ जानेवारीस तो हरला. तेव्हांपासून लोक शार्दूलला ‘लॉर्ड’ म्हणूं लागले. या पदवींत अर्धी थट्टा होती, अर्धें प्रेम होतें. मला तिचें मर्म असें वाटतें कीं या माणसाच्या यशाचें कारण लोकांना नीट सांगतां येत नव्हतें, आणि कारण सांगतां आलें नाहीं कीं आपण पदवी देतों.

हैदराबादचा लंगडत जाणारा मनुष्य आणि ब्रिस्बेनचा ‘लॉर्ड’ यांच्या योग्यतेंत कितीसें अंतर होतें? मला तर फारसें दिसत नाहीं. तरी पहिल्याला कोणी ओळखलें नसतें. मे २०१९ मधील आयपीएलच्या अंतिम सामन्याचेंहि तसेंच. शेवटच्या दोन चेंडूंत चार धांवा हव्या असतां तो फलंदाजीस आला; पहिल्यावर दोन धांवा काढल्या, दुसऱ्यावर मलिंगानें पायचीत केलें, आणि चेन्नईचा संघ एका धांवेनें हरला. गोलंदाज म्हणून ज्याची निवड झाली त्याच्या पदरीं फलंदाजीचें अपयश, तेंहि दोन चेंडूंचें, कोट्यवधि लोकांच्या स्मरणांत राहिलें.

मग त्याचें स्वतःचें असें काय? मी दोन गोष्टी दाखवीन. पहिली फारशी कोणी सांगत नाहीं. नोव्हेंबर २०१२ मध्यें त्यानें मुंबईकडून जयपूरला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पण केलें, आणि त्या हंगामांत त्याला चार सामन्यांत अवघे चार गडी मिळाले, तेहि प्रत्येकीं ८२ धांवा मोजून. मुंबईच्या संघांत असे आंकडे घेऊन परत येणारे फार थोडे. दोनच वर्षांनीं, २०१४-१५ च्या हंगामांत, त्याच स्पर्धेंत त्याचे गडी ४८ झाले आणि सरासरी २०.८१ वर आली. या दोन हंगामांच्या मधले दिवस कोणीं पाहिले? तेथें कॅमेरा नव्हता, पदवी नव्हती, अपयशाची नोंद मात्र छापून झालेली होती. मदत करणारे तेव्हांहि असतील. परंतु सकाळीं उठून, काल जमलें नाहीं तेंच पुन्हां करावयास जाणें हें दुसऱ्या कोणास त्याच्याकरितां करतां आलें नसतें. पुरुषकार हा शब्द मी राखून ठेवतों तो एवढ्यासाठीं.

दुसरी गोष्ट जोहान्सबर्गची, जानेवारी २०२२ मधली. दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या डावांत त्यानें ६१ धांवांत ७ गडी बाद केले; त्या देशाविरुद्ध कसोटींत तोंपर्यंत कोणाहि भारतीय गोलंदाजाला असें यश मिळालें नव्हतें. आणि तो सामना भारत ७ गडी राखून हरला. एल्गार नाबाद ९६ धांवा करून उभा राहिला. ब्रिस्बेनची कथा सांगणारे पुष्कळ भेटतात; जोहान्सबर्गची सांगणारा क्वचित्. वास्तविक मोठें काम जोहान्सबर्गचें. विजयाची झालर नसल्यामुळें तें दिसेनासें झालें, पण त्याच कारणानें तें निर्भेळहि राहिलें. त्यांतून संघाचा जय, देशाचा उत्साह, प्रसंगाची नवलाई वजा जातां जें उरतें तें सारें त्या उजव्या हाताचें आहे.

तेव्हां श्रेय वांटावयाचें झालें तर मी असें वांटीन: दहाव्या चेंडूवर दुखावलेला स्नायु दैवाच्या खातीं, जोहान्सबर्ग आणि तीं दोन अंधारीं वर्षें त्याच्या स्वतःच्या खातीं, आणि मधला जो मोठा भाग उरतो तो कोणाकोणाच्या नांवावर लिहावा लागेल. मुलगा दुसऱ्याच्या घरीं पाठविण्याचें धैर्य करणारा बाप त्यांत आहे, लाडांच्या घरांतील वाढलेलें ताट आहे, सहा षटकारांच्या दिवशीं दुसऱ्या टोकाला उभा असलेला कोणी शाळकरी फलंदाज आहे. हा मधला भाग दैवाच्या खातीं घातला कीं कोणाचें ऋण राहत नाहीं, आणि यशस्वी माणसाच्या खातीं घातला तरीहि राहत नाहीं. दोन्ही पक्षांना सोयीचें असें हें असल्यामुळेंच दैव आणि पुरुषकार यांचा वाद इतका लांबला असावा, असा मला संशय येतो. दोहोंपैकीं कोणीहि जिंकलें तरी तिसऱ्याला कांहीं द्यावें लागत नाहीं!

या दृष्टीनें मला त्याची एक अलीकडची कृति त्याच्या साऱ्या आंकड्यांहून अधिक बोलकी वाटते. मार्च २०२४ मध्यें रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यांत, वांद्र्याच्या मैदानावर तामिळनाडूविरुद्ध, मुंबईचा डाव घसरला असतां त्यानें १०९ धांवा काढल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील त्याचें तें पहिलें शतक. अशा दिवशीं खेळाडू स्वतःविषयीं बोलतो, आणि तें कोणी वावगें मानीत नाहीं. त्यानें त्या दिवशीं तक्रार केली ती वेळापत्रकाची. दोन सामन्यांच्या मध्यें तीनच दिवस मिळतात. वेगवान गोलंदाजांचीं शरीरें अशानें मोडतील, असें त्यानें उघड सांगितलें. तो स्वतः तेव्हां बत्तीस वर्षांचा होता. वेळापत्रक बदललें तरी त्याचा फायदा होणार तो मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या हंगामांत असलेल्या पोरांचा, ज्यांचीं नांवें अजून कोणास ठाऊक नाहींत. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या, हंगामापासून रणजी स्पर्धा दोन टप्प्यांत खेळविण्यांत येऊं लागली. त्याच्या बोलण्यामुळेंच तसें झालें असें मी म्हणत नाहीं. त्या विश्रांतीमुळें ज्या कोणा तरुण गोलंदाजाचा स्नायु दहाव्या चेंडूवर दुखावणार होता आणि दुखावला नाहीं, तो त्याला आपलें नशीबच म्हणेल.